पहिल्या कॉटेजपुढची वाट

शके १९२५, पौष शुद्ध अष्टमी, मंगळवार. इंग्रजी कालगणनेप्रमाणे सन २००३ च्या डिसेंबर महिन्याची तीस तारीख. स्थळ, रत्नागिरीच्या उत्तरेस आरे-वारेचे जोडकिनारे मागे टाकल्यावर लागणाऱ्या एका लहानशा गावाच्या समुद्रकाठी नुकतेच उभे राहिलेले ‘शांतवेळा’ नावाचे रिसॉर्ट.

मनुष्याला विश्रांती हवी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वर्षभर बँकेच्या खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या यज्ञेश आठल्यांना तर ती हवीच होती. घरी सुट्टी घेतली तरी फोन वाजे, दाराशी कोणीतरी उभे राही, आणि ‘साहेब, एकच मिनिट’ म्हणत अर्धा दिवस खाऊन जाई. म्हणून या खेपेस पत्नी उमा आणि दहा वर्षांची सावनी यांना घेऊन ते रत्नागिरीतल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन राहिले होते. येथे आल्याबरोबर मनगटाला निळी पट्टी बांधत. ती बांधली, की खाणेपिणे, खेळ, नौकाविहार, झोपाळा सगळे तिच्यातच आले. पुन्हा कोणी काही विचारायचे नाही. यज्ञेशरावांना यांतले शेवटचे कलम विशेष आवडले होते.

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी सकाळी कोणीतरी त्यांना विचारले.

उमा आणि सावनी शिंपले वेचायला गेल्या होत्या. यज्ञेशराव पहिल्या कॉटेजच्या ओसरीवर चहा घेत असताना व्यवस्थापक शार्दूल इनामदार तेथे आला. पुण्याचा, तिशीतला, इस्त्रीच्या कपड्यांतला हा तरुण मालकांना फार भीत असे.

“सर, एक छोटी अडचण आहे. गावातले एक आजोबा पहाटे वारले. गावाचं स्मशान आपल्या हद्दीपलीकडे, सुरूच्या बनाजवळ आहे. त्यांची जुनी वाट तुमच्या कॉटेजसमोरूनच जाते. आता तिथं आपलं फाटक आहे. ते उघडा म्हणतात. तुमची हरकत नसेल तर...”

“दुसरी वाट नाही का?”

“आहे ना. खडपावरून, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून. ओहोटीला जाता येतं.”

“मग झालं तर!” यज्ञेशरावांनी बशी खाली ठेवली. “हे पाहा इनामदार, मला कोणाचा द्वेष नाही. पण मुलगी लहान आहे. सकाळी सकाळी तिनं ते कशाला पाहावं? आणि आम्ही दोन दिवस शांततेसाठी आलो आहोत.”

“अगदी बरोबर, सर. पाहुण्यांची हरकत म्हटल्यावर प्रश्नच मिटला.”

शार्दूल हलक्या पावलांनी निघून गेला. यज्ञेशरावांनी चहा संपवला आणि ती गोष्ट त्यांच्या मनातून गेलीही. मोठी पापे करताना माणसाचा हात थरथरतो. असल्या लहान वाक्यांना तेवढाही त्रास पडत नाही.

दुपारच्या सुमारास सावनी धावत आली. “बाबा, तिकडे लांब वाळूत कुणीतरी लाकडं रचून ठेवलीत! ढीगच्या ढीग!”

“रात्री शेकोटी असेल,” यज्ञेशराव हसून म्हणाले. “म्हणजे नाच-गाणीही असणार. पोटभर जेवून घे.”

भोजनगृहात त्या दिवशी कशाची वाण नव्हती. सुरमई होती, मोदक होते, सोलकढीचे तर पिंपच मांडले होते. वाढणारी मंडळी बहुतेक त्याच गावची. त्यांत मैना नावाची चाळिशीची बाई घावने काढण्यात तरबेज. आदल्या दिवशी तिने सावनीला बोलते केले होते. आज मात्र ती मुकाट्याने तव्यासमोर उभी होती. एक घावन तिच्याकडून करपले.

“मावशी, लक्ष कुठं आहे?” यज्ञेशराव म्हणाले. “काल हसतमुखानं वाढत होतात. आज काय बिनसलं?”

“दुसरा देताव, साहेब,” एवढेच ती म्हणाली.

उमाचे लक्ष मात्र दुसरीकडेच गेले. ती गुहागरची, समुद्रकाठी वाढलेली. वाढणाऱ्यांपैकी कोणीही घोटभर चहासुद्धा घेतलेला नाही, हे तिला दिसत होते. जेवणे उरकल्यावर ती भांडी घासायच्या जागेकडे गेली. मैना तेथे पायरीवर टेकली होती.

“मैनाताई, जेवलात?”

“नाय ताई. आज नाय.”

“उपास आहे?”

“कसला उपास! वाडीत मयत हाय. सखारामतात्या गेले पाटे. मयत मार्गी लागल्याबिगर आमच्यात कुणाची चूल पेटत नाय.”

“आणि तुम्ही इथं चुलीसमोर?”

मैना कसनुसे हसली. “रजा मागितली. साहेब बोलले, आज रिसॉर्ट भरलाय. आता ही चूल काय माझी हाय? तरी जीव लागत नाय बघा. म्हणून तो घावन करपला.”

“पण अजून नेलं कसं नाही? पहाटेचं मयत!”

“तीच तर रड हाय, ताई. सकाळी ओहोटी होती तवा पोरांनी खडपावरनं लाकडा नेऊन सरण रचलान. तेवढ्यात साहेबानं निरोप धाडलान, तिरडी घेऊन खडपावरनं कशाला तडमडता, पाव्हणे जेवून झोपले की फाटक उघडताव. आमी बापडे थांबलाव. दोन वाजता उचलून फाटकाशी आणलाव, तर आता बोलतात, पाच वाजल्यावर बघू. तोवर खडपावर पाणी चढला. उचललेली तिरडी काय माघारी घरात नेता येते? बाबू बसलाय बापाला घेऊन उंडीच्या झाडाखाली. ना पुढे, ना मागे.”

“पण अडवलं कुणी?”

“कुणीतरी पाव्हणा हाय म्हणे, पयल्या कॉटेजातला. त्याच्या पोरीला भ्या वाटेल म्हणून.”

उमाने आपल्या मनगटावरच्या निळ्या पट्टीकडे पाहिले आणि पदराखाली हात झाकला.

यज्ञेशराव झोपाळ्यावर पेंगत होते. उमाने झोपाळा हाताने थांबवला.

“अहो, सकाळी तुमच्याकडे इनामदार आला होता?”

“आला होता. का?”

“आणि तुम्ही नाही म्हणालात?”

“अगं, ते होय! त्यांना दुसरी वाट आहे. मी विचारून घेतलं होतं.”

“होती. आता तिच्यावर कमरेइतकं पाणी आहे. त्यांच्या वाडीत पहाटेपासून चूल पेटलेली नाही; मैनाताईंनी आपल्याला वाढलं ते उपाशी पोटी. सावनी सांगत होती ना लाकडांचं, ते सरण आहे. तुमची शेकोटी!”

यज्ञेशराव उठून बसले. त्यांचा चेहरा उतरला. पण युक्तिवादाची सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

“हे पाहा उमा, ती जागा खाजगी आहे. फाटक उघडायचं की नाही हे मालकानं ठरवायचं. मी पडलो पाहुणा.”

“पाहुणा आहात, म्हणूनच म्हणते. आपण काल आलो, उद्या जाणार. सखारामतात्या जन्मभर याच वाटेनं समुद्रावर गेले. पाहुण्यानं घरच्या माणसाची वाट अडवावी, ही कुठली रीत?”

“मी सावनीचा विचार केला.”

“तिला मरण दिसू नये, म्हणून? ठीक आहे. पण उद्या ती मोठी झाली आणि तिला कळलं, की आपल्या बापानं एका मेलेल्या माणसाला दिवसभर फाटकाबाहेर तिष्ठत ठेवलं होतं, तर ते तिला दिसलेलं चालेल?”

“तू फार टोकाचं बोलतेस.”

“बोलते. मामंजी गेले तो दिवस आठवा. समोर बर्व्यांकडे केळवण होतं. पंगत बसलेली, पानात गरम मोदक वाढलेले. आपल्या दारातून तिरडी निघाली आणि बर्व्यांची सबंध पंगत पानावरून उठली! नवरा मुलगासुद्धा उठून अंगणात हात जोडून उभा राहिला. तुम्हीच नंतर मला म्हणालात, ‘उमा, त्या माणसांनी आज मला एकटं पडू दिलं नाही.’ त्यांनी विचारलं का हो, की आमच्या शुभकार्याच्या दिवशी तुमचं हे कशाला?”

झोपाळ्याची कडी एकदा करकरली आणि थांबली.

दोन वर्षांपूर्वीचे ते अंगण यज्ञेशरावांच्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहिले. वडिलांच्या, श्रीपतरावांच्या, तिरडीपुढे मडके धरून चालताना त्यांना रस्ता दिसत नव्हता. दिसली होती ती फक्त समोरच्या माणसांच्या जोडलेल्या हातांची रांग. आणि आज? आज आपण सुरमई खाल्ली, मोदक खाल्ले, उपाशी बाईला लक्ष कुठे आहे म्हणून विचारले! हाय हाय! ज्या शांततेसाठी आपण येथे आलो, ती दुसऱ्याच्या बापाला दाराबाहेर बसवून आणलेली होती!

ते अनवाणीच उठले.

भोजनगृहात चहा मांडला होता. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी ध्वनिक्षेपक लावून पाहणे चालले होते. यज्ञेशराव थेट शार्दूलपाशी गेले.

“इनामदार, फाटकाची किल्ली द्या.”

“सर, पाच वाजता कार्यक्रम आहे. तो एकदा संपला की मी स्वतः...”

“कार्यक्रम संपेपर्यंत सूर्य बुडेल. माझी हरकत होती, ती मी मागं घेतो.”

“पण मालकांना विचारावं लागेल, सर.”

“सकाळी मला विचारलंत, तेव्हा मालकांना विचारलं होतंत? अडवायला माझा शब्द पुरला. उघडायला मालक लागतात?”

शार्दूल गडबडला. मागून एक गृहस्थ हसून म्हणाले, “अहो साहेब, आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आज. बायकोला घेऊन आलोय ते काय मढं दाखवायला?”

यज्ञेशराव वळले. “वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण एक सांगा, आज आपल्याला घावने कोणी वाढले? मासे कोणी तळले? त्या सगळ्यांच्या वाडीत पहाटेपासून चूल पेटलेली नाही. आपण खाल्लं ते उपाशी माणसांच्या हातचं. इथं सगळं समाविष्ट आहे असं आपण आनंदानं म्हणतो. समुद्र समाविष्ट, वाळू समाविष्ट. मग ज्यांचा हा समुद्र, तीच माणसं तेवढी फाटकाबाहेर का?”

त्या गृहस्थांच्या पत्नीने हातातली बशी ठेवली आणि नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, “उठा.”

तव्यापाशी उभ्या असलेल्या मैनाने पुढे होऊन चूल विझवली. तिला कोणी सांगितले नव्हते, अडवलेही नाही. शार्दूलने एकवार सगळीकडे पाहिले, खिशातून किल्ली काढली आणि यज्ञेशरावांच्या हातावर ठेवली. “मीही येतो, सर,” तो म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच एखाद्या घरातल्या मुलासारखा वाटला.

फाटकाबाहेर उंडीच्या सावलीत तिरडी टेकवलेली होती. भोवती वीसेक माणसे उन्हातान्हाची बसून होती. एकजण हातातल्या डहाळीने माशा वारत होता. मडके हाती घेतलेला, पन्नाशीचा, काळासावळा माणूस उठून उभा राहिला. तो बाबू, सखारामतात्यांचा मुलगा. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता, तर यज्ञेशरावांना एक वेळ सोसला असता.

कुलूप निघाले. फाटक वाळूत रुतून बसले होते. शार्दूलने आणि यज्ञेशरावांनी खांदा लावून ते लोटले. ते बाजूला झाले आणि तिरडी उचलली गेली.

पहिल्या कॉटेजपुढून ती गेली, तेव्हा उमा ओसरीखाली उतरून उभी होती. सावनीने विचारले, “आई, हे कोण?”

“या गावचे आजोबा.”

सावनी भ्याली नाही. तिने आईकडे पाहून हात जोडले. भोजनगृहाच्या पायऱ्यांवर पाहुणे उभे राहिले होते. सगळे नव्हेत, काहीजण आत चहाच घेत होते, हेही सांगितले पाहिजे. ध्वनिक्षेपक मात्र बंद होता, आणि लाटांच्या आवाजात रामनामाचा गजर सुरूच्या बनापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वी अग्नी दिला गेला.

वाचकहो, विश्रांती घेणे हा गुन्हा नव्हे. जेथे आपण पाहुणे म्हणून जातो, तेथली माणसे आपल्या आधीपासून तेथे राहतात, मरतात आणि आपल्या मृतांना जाळतात, एवढे विसरणे हा गुन्हा आहे. कायद्याने ते फाटक कोणाचे, याचा निवाडा न्यायालये करतील; परंतु कुलपाला बळ येते ते आपल्या ‘माझी हरकत आहे’ या तीन सुसंस्कृत शब्दांनी. ज्या शांततेसाठी दुसऱ्या कोणाला तरी दाराबाहेर तिष्ठावे लागते, ती शांतता सज्जनाने नाकारली पाहिजे.

समुद्रात आंघोळी करून माणसे त्याच वाटेने परतली. फाटक उघडेच होते. यज्ञेशराव त्याच्या खांबाशी उभे होते. मनगटावरची पट्टी त्यांनी काढून टाकली होती. ओल्या कपड्यांनी येणाऱ्या बाबूपुढे होऊन ते म्हणाले, “पहिल्या कॉटेजातला माणूस मीच. तुमच्या वडिलांना माझ्यामुळे तिष्ठावं लागलं. मला क्षमा करा. हे फाटक पुन्हा बंद होऊ नये, म्हणून जे करता येईल ते मी करीन.”

बाबूने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मागची माणसे थांबली. मैनाही त्यांच्यात येऊन उभी राहिली होती.

“वाट मोकळी केलात, बरा केलात,” तो शांतपणे म्हणाला. “पण ती तुमची नव्हती, साहेब.”