भुईवर

"खाली घेऊ नका! जिती हाय अजून ती!" सूर्यभान ओरडला.

बोरी गावच्या मांडवात मंगलाष्टकं चालू असताना त्याच्या भावजयीच्या, मनकर्णाबाईंच्या, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. माणसाला भुईवर घेतात ते शेवटच्या घटकेला. लग्नाच्या मांडवात तसं कसं करायचं? म्हणून सूर्यभानने काखेत हात घालून त्यांना उभंच धरलं. कुणी नाकाला चप्पल लावली. हातपाय झटके देऊ लागले, तेव्हा मांडवभर एकच शब्द फिरला : फेफरं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मेंढ्यांच्या वाड्यापाशी आला.

"वैनी, मेंढरं आता मी नेतो. तुमी रानात एकट्या पडल्या तर?"

नवरा गेल्यापासून मनकर्णाबाई हा कळप घेऊन चारठाण्याच्या माळावर हिंडत होत्या. कळप गेला, तर चुलीजवळचा कोपरा तेवढा उरणार होता.

"फेफरं हाय का न्हाई, ते दवाखान्यात ठरू द्या. तुमी बी चला, भावजी. तुमीच धरलं व्हतं मला."

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर राजेश्री वयाने लहान होती. तिने आधी प्रश्नच विचारले.

"पडायच्या आधी काय झालं, मावशी?"

"कानात गुंगुं वाजलं. घाम सुटला, पोटात कसनुसं झालं. मग समदं काळं."

"जीभ चावली? लघवी झाली?"

"न्हाई, बाई."

"नंतर माणसं ओळखायला वेळ लागला?"

"कशाचा वेळ? भाईर नेऊन बाजंवर टाकलं, न् लगेच यांच्या मिशा वळखल्या."

डॉक्टर हसली आणि सूर्यभानकडे वळली. "तुम्ही कसं धरलं होतं? दाखवा."

त्याने दारातल्या शिपायालाच काखेत धरून दाखवलं.

"आडवं का नाही केलं?"

"मांडवात मानूस भुईवर घेतात व्हय, मॅडम?"

तिने ईसीजी काढला. झोपवून आणि उभं करून रक्तदाब पाहिला. मग म्हणाली, "हे फेफरं नाही. उकाड्यात, पाण्याशिवाय फार वेळ उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, डोक्याला कमी पडतं. आडवं केलं की पुन्हा मिळतं. यांना उभं धरून ठेवलं, म्हणून झटके आले. मावशी, पाणी भरपूर प्या. अंधारी येतेय असं वाटलं, की असाल तिथे आडवं व्हायचं. पाय वर. आणि पुन्हा झालं तर दाखवायला या."

सूर्यभानला ते पटलं नाही. आठवड्याभरात त्याने भावकीतली माणसं पारावर जमवली. पुरुष सावलीत बसले. मनकर्णाबाई खाली उन्हात उभ्या, पाठीमागे त्यांच्या मेंढ्या.

"डॉक्टरीन काईबी सांगायलीय," सूर्यभान म्हणाला. "तिनं कुठं झटके बघितले? आमी बघितले."

"बाईमानूस रानात एकटं असणं बरं न्हाई," म्हातारे पंडितराव म्हणाले. मग बराच वेळ सगळेच बोलत राहिले. मनकर्णाबाईंना कुणी बस म्हटलं नाही.

कानात गुंगुं सुरू झालं.

त्यांनी काठी खाली ठेवली, लुगडं नीट खोचलं, आणि सगळ्या पुरुषांसमोर धुळीत आडव्या झाल्या. टाचा उचलून पाराच्या दगडावर ठेवल्या, पंडितरावांच्या मांडीशेजारी. म्हातारा चटका बसल्यासारखा सरकला.

सूर्यभान एका पायातली चप्पल काढून धावला. "उचला, उचला! वैनी, लोकं बघायलेत!"

"हात लावू नका, भावजी." त्या आभाळाकडे बघत होत्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "बघू द्या. झटके कुठं येतेत, तेवढं बघा."

पारावरची माणसं पुढे वाकून बघू लागली. एक मेंढी येऊन त्यांचा पदर हुंगून गेली.

झटके आले नाहीत. कपाळावरचा घाम सुकला, ओठांना रंग आला. त्या कुशीवर वळल्या, बसल्या, थोडं थांबून उठल्या. पाठीला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. काठी उचलली.

"भुई तापलीय, भावजी," त्या म्हणाल्या. "ती चप्पल घाला पायात."

त्यांनी जिभेने टकटक केलं. कळप वळला आणि माळाच्या वाटेला लागला. सूर्यभान मात्र हातात चप्पल घेऊन, एक अनवाणी पाय उचलत, टेकवत, तिथेच उभा होता.