आत कामाला गेलेली सून

"पंचशीला, बसलीच हाईस तर एवढी तूर निवडून टाक की," म्हणत सासूने, कोंडाबाईंनी, सूप लॅपटॉपशेजारी ठेवलं.

पंचशीलाने हेडफोन काढला. साडेअकरा वाजले होते. सकाळपासून तिचं सहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण लिहून झालं होतं, आणि दिवसाला चाळीस मिनिटांचं पूर्ण करायचं होतं.

बेंगळुरूची एक संस्था सीमेवरच्या गावांतून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होती. बोलता बोलता माणसं मराठीतून कानडीत जायची, कानडीतून दख्खनी उर्दूत. ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा, हे पंचशीलाचं काम. तिन्ही भाषा तिच्या कानावर लहानपणापासून होत्या. संतपूरहून बिदरला बसने धक्के खात दोन वर्षं नोकरी केल्यावर हे घरबसल्या काम मिळालं, तेव्हा आता चपला झिजायच्या नाहीत म्हणून तिने आनंदाने नवा जोड घेतलाच नव्हता. पहिला महिना झकास गेला.

मग दिवस सैल होत गेले. नवरा सुगत औरादच्या शाळेत मास्तर. तो साडेआठला बाहेर पडला की घरात सासू-सुनाच उरत. घरीच आहेस म्हणून दळण, घरीच आहेस म्हणून तूर. शेजारची कलाबाई येऊन तासभर बसायची. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं पंचशीलाला पटत नव्हतं. घर अगदी शांत असलं तरी तिचं मन लागत नव्हतं. दोन वाक्यं लिहायची आणि मोबाइल हातात घ्यायचा. शेजारी कुणी काम करणारं नाही, डबा उघडल्यावर भाजीचा वास घेणारं नाही. लिहिलेलं कुणी वाचतं की नाही, तेही कळत नव्हतं. दुपारी जरा पाठ टेकली की चार वाजायचे, आणि संध्याकाळी ती स्वतःवरच चिडायची.

आदल्या दिवशी काम वाटून देणाऱ्या बसवप्रभूंचा फोन आला होता. "अक्का, तुमचं लिहिणं बेस हाय. पर फायली येईनात. ह्या महिन्यातबी असंच झालं तर मला दुसऱ्याला द्यावं लागतंय."

हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तूर तशीच ठेवून तिने पुढची फाइल लावली. हळ्ळीखेडचा एक म्हातारा पेरणीच्या आठवणी सांगत होता. एका शब्दापाशी ती अडली. आठ वेळा मागे नेऊन ऐकला. कधी अर्जी वाटे, कधी वर्दी. शेवटी तिने सासूला हाक मारली.

"आत्या, जरा हितं येता का?"

कोंडाबाईंनी पदरावरूनच हेडफोन चढवला. डोळे मिटून ऐकलं आणि सारी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "इर्जिक म्हणायलाय त्यो."

"हळू बोला, आत्या. म्हंजे काय?"

"एकाचं रान मागं पडलं की समद्यांनी आपापली औतं घिऊन त्याच्या रानात जायचं. मजुरी न्हाई. सांजच्याला जेवण." मग म्हणाल्या, "आपलं औत कुठलं आलंय. तुझे मामंजी ढेकळं फोडायला जायचे. जेवायला मिळायचं, पर बाजूला बसून."

पंचशीलाने शब्द टाइप केला आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. कोंडाबाईंनी तो दिला नाही.

"थांब. पुढं काय म्हणायलाय ऐकू दे."

शेवटी हेडफोन काढून आवाज मोठा करावा लागला. म्हातारा बोलायचा, पंचशीला थांबवून टाइप करायची आणि कोंडाबाई खोळंबून बसायच्या. "किती येळ लावायलीस. त्याचा बैल सापडला का न्हाई ते कळू दे की." बैल सापडला तेव्हा दोन वाजले होते. तेवीस मिनिटांचं काम झालं होतं आणि मोबाइलची तिला आठवणही झाली नव्हती.

जेवताना तिने बसवप्रभूंच्या फोनचं सांगून टाकलं. कोंडाबाई भाकरी मोडता मोडता थांबल्या. "आधी सांगावं न्हाई का? मी बापडी तूर आणून ठिवायले."

सासूने शेजारी बसून ऐकलं तर चालेल का, ते पंचशीलाने बसवप्रभूंना विचारून घेतलं. ते म्हणाले, "चालतंय की, अक्का. जुनं माणूस शेजारी असलं तर चांगलंच. फक्त कुणाचं नाव बाहेर जाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला कोंडाबाई वेणीफणी करून हजर. "आज कोण बोलणार हाय?"

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. मोबाइल कोंडाबाईंच्या पिशवीत जाई. अकराला चहा, तोही त्याच करत. लग्नातले रुसवेफुगवे ऐकून दोघी हसत, दुष्काळाचं ऐकताना कोंडाबाई आपणहून आवाज लहान करत. कधी म्हणत, "हे खोटं बोलायलाय बघ." पंचशीला म्हणे, "खोटं बी लिहायचंच असतंय, आत्या."

आठवड्याने कलाबाई आली. कोंडाबाई उठून उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

"पंचशीला हाय का?"

"कामाला गेली."

"कामून, पुन्ना बिदरला जायली?"

"न्हाई. आत."

कलाबाईने वाकून पाहिलं. "ही काय दिसायली की."

"दिसंल. पर एकाला सुटती. तवा ये, शिरा करते."

कलाबाई खरंच एकाला आली आणि शिरा खाऊन गेली. हळूहळू गल्लीला ती वेळ पाठ झाली. महिना संपायच्या दोन दिवस आधीच सगळ्या फायली गेल्या. बसवप्रभूंनी आणखी काम पाठवलं आणि विचारलं, "तुमच्या सासूबाईंच्या आठवणी घ्यायला पुढच्या आठवड्यात येऊ का?"

कोंडाबाईंनी आधी नाही म्हटलं. मग कुठलं लुगडं नेसावं ते विचारलं.

आठवणी घेण्याआधी संस्थेला द्यायचा त्यांचा अर्ज पंचशीलाच भरत होती. नाव झालं, वय झालं, गाव झालं. व्यवसायापाशी तिने रेशनकार्ड पाहिलं. तिथे 'घरकाम' छापलेलं होतं.

"आत्या, तुम्ही किती वर्षं रानात गेलाव?"

"लग्नाच्या आधीपासून. गुडघे गेले तवा सुटलं."

तिने 'शेतमजूर' लिहिलं. "आन् घरकाम?"

"ते तर हायच."

तिने तेही लिहिलं. कोंडाबाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरची ती ओळ त्यांनी बराच वेळ निरखली.

"अजून जागा हाय का तिथं?"

"हाय की."

"मग हे आता करायले ते बी लिही. ऐकून शब्द सांगायचं."

पंचशीलाने लिहिलं.

"वाच बरं."

तिने वाचलं. कोंडाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"पुन्ना एकदा वाच. सावकाश."