बसून जाणारी माणसे

महाराजांना गादीवर येऊन पाच-सहा वर्षे झाली असतील. त्या थंडीत कोल्हापुरात गाठीचा ताप शिरला आणि पेठांमधली घरे ओस पडू लागली. घरात उंदीर मरून पडला की माणसांनी बाहेर निघावे, असा दरबारचा हुकूम होता. पण हुकूम सुटला म्हणून माणसे उंबरा सोडत नाहीत. ती सोडतात ती कुणाच्या तरी शब्दावर. शनिवार पेठेतली दहा-बारा लिंगायत घरे शहराबाहेरच्या माळावर राहायला आली, ती गुळाचे अडते शिवलिंगअप्पा यांच्या शब्दावर. आणि शिवलिंगअप्पा आले ते हार्डविक पाद्रींच्या शब्दावर.

हार्डविक पाद्री पासष्टी ओलांडलेले गृहस्थ. तरुणपणी त्यांनी अमेरिकेत नद्यांवर लोखंडी पूल बांधले होते. पुढे पत्नी मार्थाबाईंसह ते धर्मकार्यासाठी इकडे आले आणि इथेच म्हातारे झाले. माळावरच्या झोपड्या त्यांनीच आखल्या होत्या. वाऱ्याच्या वरच्या अंगाला निरोग्यांची रांग, खालच्या अंगाला आजाऱ्यांची. मधे मोकळे रान आणि त्या रानात खुंट्यांवर ताणलेला काथ्याचा दोर. आजाऱ्याच्या नातलगाने दोरापर्यंत यावे, पुढे येऊ नये, असा नियम होता.

शिवलिंगअप्पांनी त्या दोराकडे बराच वेळ पाहिले होते.

“येतो आमी,” ते म्हणाले होते. “पर एक हाय, पाद्रीसाहेब. आमच्यातलं माणूस गेलं तर त्याला आमचीच माणसं हात लावतील. आमी बसवून पुरतो. हातात लिंग, मांडी घालून, पूजेला बसल्यावानी. आडवी गुरं टाकत्यात.”

“कबूल,” पाद्री म्हणाले होते. “निरोप लगेच येईल. दोर तुमच्यासाठी खाली करीन.”

त्या वर्षी मिशनने मदतीला दोन तरुण धाडले होते. एडिथ नावाची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन आली होती. चार्ल्स नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडला होता. दोघेही पंचविशीच्या आतले. पाणी किती उकळावे, चुना कुठे पसरावा, हात कशाने आणि कितीदा धुवावेत, हे सारे पाद्रींनी त्यांना क्रमवार शिकवले. शिवलिंगअप्पांना दिलेला शब्द मात्र त्या क्रमात बसला नव्हता. मरणाऱ्याजवळ आजवर ते स्वतः बसत, नाहीतर मार्थाबाई बसत. तरुणांवर ती वेळ येईल असे त्यांनी धरलेच नव्हते.

ती वेळ आली. शिवलिंगअप्पांची म्हातारी आई शांतव्वा आजाऱ्यांच्या रांगेत पडली. मार्थाबाईंना हिवतापाने अंथरुणावर घातले, आणि पाद्री दुसऱ्या टोकाच्या झोपडीत वातात बरळणाऱ्या एका रोग्याला धरून बसले. शांतव्वाजवळ एडिथ राहिली.

उन्हे वर आल्यावर पाद्री तिकडे गेले. झोपडी झाडलेली होती. शांतव्वा पांढऱ्या चादरीखाली सरळ निजलेली होती. डोळे मिटलेले, हनुवटीखालून पट्टी बांधलेली, हात छातीवर एकावर एक, पायांचे अंगठे फितीने जोडलेले. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी एडिथने पुसून त्या हातांखाली नीट ठेवली होती.

“पहाटेआधीच गेल्या,” एडिथ म्हणाली. “त्रास झाला नाही. मी सगळं व्यवस्थित केलं आहे.”

“निरोप कधी पाठवला?”

“आत्ता चार्ल्स गेला आहे. इतक्या रात्रींनंतर शिवलिंगअप्पांना झोप लागली होती, मिस्टर हार्डविक. आम्हाला वाटलं, उजाडू द्यावं. आईची बातमी ऐकायला कुणाला अंधारात कशाला उठवायचं?”

पाद्रींनी चादर उचलून शांतव्वाच्या गुडघ्याला हात लावला. गुडघा तुळईसारखा ताठ होता. त्यांनी चादर पुन्हा होती तशी ठेवली आणि मग, आवाज न चढवता, लिंगायत आपले माणूस कसे पुरतात ते तिला सांगितले. ऐकता ऐकता एडिथने स्वतःच्या हातांकडे पाहिले. तिच्या आजीला तिने याच हातांनी असेच सरळ केले होते.

शिवलिंगअप्पा आले ते जंगमांना, म्हणजे त्यांच्या गुरूंना, सोबत घेऊनच. पाद्रींनी दोर खाली केला. आत शिरल्यावर शिवलिंगअप्पांनी चादरीचे टोक उचलून पाहिले.

“हे कुणी केलं?”

“मी केले,” एडिथ पुस्तकी मराठीत म्हणाली. “मला हे ज्ञात नव्हते. मला क्षमा करावी.”

त्यांनी तिच्याकडे नुसते पाहिले आणि पाद्रींकडे वळले. “हिला सांगितलं न्हवतंसा?”

“नाही.”

“मग आपलं काय ठरलं हुतं?”

पाद्रींनी होती ती माहिती दिली. हा ताठरपणा उद्या दुपारपर्यंत आपोआप उतरतो, ते म्हणाले. पण प्लेगचे प्रेत सूर्यास्ताच्या आत पुरलेच पाहिजे असा सरकारी नियम आहे. जंगमांनीही मान हलवली. इतका वेळ ठेवता येणार नाही. मग एकच मार्ग उरत होता. सांधे ऊन पाण्याने शेकून हळूहळू वाकवायचे. पाद्रींनी बाह्या सारल्या.

“तुमी न्हाय,” शिवलिंगअप्पा म्हणाले. “एकदा मोडलंय, तेवढं पुरं. तुमी भाईर ऱ्हावा आनि कसं करायचं ते सांगा. आनि ती पोर आमच्या मानसाला परत हात लावनार न्हाय.”

दोर ओलांडला, चादर उचलली, रोग्याच्या अंगाला अंग लागले, तर काय होते हे पाद्रींना ठाऊक होते आणि त्यांनी ते सांगितलेही. शिवलिंगअप्पांनी फेट्याचा शेव कमरेला खोचला.

एडिथ पाणी तापवून भांडे उंबऱ्याशी ठेवी आणि मागे सरे. पाद्री दाराबाहेर उभे राहून सांगत होते, “आधी कंबर. एकदम जोर नको. दाब तसाच ठेवा, तिला सैल पडायला वेळ द्या. आता मांडी.” कधीकाळी लोखंडी तुळया जागी बसवताना कामगारांना ते याच आवाजात सांगत, तो आवाज आज त्यांना स्वतःलाच ऐकवेना. आतून शिवलिंगअप्पांचे पुटपुटणे येत होते, “जरा सोस, अव्वा. झालंच आता.” जंगम मंत्र म्हणत होते. डावा गुडघा वाकला. उजवा वाकेना. मग वाळलेली काठी मोडावी तसा आवाज झाला, जंगमांचा मंत्र क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तो आवाज दोराशी उभ्या असलेल्या माणसांनी ऐकला. शिवलिंगअप्पांची बायको मल्लव्वा दोन मुलांना पोटाशी धरून तिथेच उभी होती. ताप अंगात असतानाच उठून आलेल्या मार्थाबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता. तो तिने झटकला.

शांतव्वा दिवस मावळायच्या आत पुरली गेली. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, मांडी घातलेली. चार घरांनी त्याच संध्याकाळी गाड्या जुंपल्या आणि ती उंदीर पडलेल्या घरांत परत गेली. एक म्हातारा जाता जाता पाद्रींना म्हणाला, “घरात मेलो तर निदान आमच्या मानसांच्या मांडीवर मरू की.” उरलेल्यांच्या नजरा शिवलिंगअप्पांवर होत्या.

“मी बोललोय,” शिवलिंगअप्पा म्हणाले. “पोरास्नी त्या घरात न्हेत न्हाय.” ते राहिले, म्हणून बाकीची घरेही राहिली.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी ते एकटेच चालत आले, दोर स्वतःच्या हाताने वर करून खालून वाकून निघाले आणि पाद्रींना म्हणाले, “काखेत गाठ आलीय.” झोपडीत अंथरूण घातलेले होते. त्यांनी ते पायाने दूर सारले आणि कुडाला पाठ टेकून मांडी घातली.

“निजा जरा,” पाद्री म्हणाले.

“आता मी निजत न्हाय, पाद्रीसाहेब. निजलो की तुमची मानसं सरळ करत्यात.”

पाद्रींनी फळ्या ठोकून पाठीला तिरका टेकू करून दिला. सकाळ त्यावर निभावली. ताप चढला तसे शिवलिंगअप्पा कधी डावीकडे कलत, कधी उजवीकडे, आणि कललेले अंग सावरताना डोळे उघडून पाहत, आपण बसलो आहोत ना. जंगमांना निरोप गेला होता; पण त्या दिवसांत शहरात त्यांना एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याचीही उसंत नव्हती. शेवटी पाद्री त्यांच्या मागे बसले आणि त्यांना छातीशी धरून राहिले. पासष्टी ओलांडलेल्या कण्याने किती वेळ धरावे? दुपारी त्यांच्या पाठीत कळ आली आणि दोघेही बाजूला आडवे झाले.

शिवलिंगअप्पांना त्या तापातही हसू आले. “पूल पडला की, पाद्रीसाहेब.”

एडिथ दारातच उभी होती. तिने पुढे पाऊल टाकले. पाद्रींनी मान हलवून तिला अडवले. तिच्या आईने पत्र धाडून तिला त्यांच्या हवाली केले होते; शिवाय शिवलिंगअप्पांनी घातलेली अट होती, आणि या माणसाला दिलेला शब्द पुन्हा मोडण्याची त्यांची छाती नव्हती.

“तुम्ही किती वेळ धराल?” तिने विचारले. “आणि चार्ल्स विहिरीवर आहे.”

शिवलिंगअप्पांनी तिच्याकडे पाहिले. “हात लावायचा न्हाय ठरलंय,” ते म्हणाले. “पाठीचं काय ठरलं न्हवतं. ये, पोरी. बस.”

पाद्रींना नाही म्हणायचे होते. त्यांनी शिवलिंगअप्पांना उठवून बसवले, आणि एडिथ त्यांच्या मागे, पाठीला पाठ लावून, गुडघे मुडपून बसली. तिचे हात तिने स्वतःच्या मांडीवर ठेवले. शिवलिंगअप्पांच्या अंगातून निघणारी धग तिच्या झग्यातून आरपार जात असली पाहिजे. ते काही वेळ कानडीत आईशी बोलले, मग मुलांची नावे घेतली, मग डबीतले लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याकडे पाहत राहिले. श्वास थांबला तेव्हा एडिथला ते पाठीतूनच कळले. ती हलली नाही.

जंगम आले तोवर शिवलिंगअप्पांचे अंग बसल्या जागी ताठ झाले होते. पाद्रींनी दोर खाली केला आणि मल्लव्वा आत आली. तिने नवऱ्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढली, लिंग असलेला हात पाहिला, मांडी पाहिली. मग मागे जाऊन एडिथकडे पाहिले.

“सरक आता,” ती म्हणाली. “बसलाय तो.”

एडिथला उठता येईना. पाय बधिर झाले होते. मल्लव्वाने तिला दंडाला धरून उभे केले आणि तिच्याशी आणखी एक शब्दही न बोलता तिच्याकडे पाठ फिरवली.

मल्लव्वाचा दीर पेठेतून गाडी घेऊन आला होता. पुरणे आटोपल्यावर तो तिला म्हणाला, “चला वैनी. आता हितं कुनाच्या जिवावर ऱ्हानार?”

“तुमी जावा,” मल्लव्वा म्हणाली. “पोरं हितंच ऱ्हात्यात.” मुलांना घेऊन ती झोपडीत गेली आणि तिने ताटी लावून घेतली. दोन घरे त्या गाडीमागून गेली. बाकीची राहिली.

आजाऱ्यांच्या रांगेच्या अगदी टोकाला एक रिकामी झोपडी होती. एडिथचे कपडे जाळून, तिला कार्बोलिकच्या पाण्याने न्हायला लावून, पाद्रींनी तिला तिथे ठेवले. ताप येतो की नाही हे दिसेपर्यंत तिने बाहेर यायचे नाही आणि कुणी आत जायचे नाही. तीही त्यांचीच पद्धत होती. ते दारापासून अंतर ठेवून उभे राहिले.

“मिस्टर हार्डविक,” आतून ती म्हणाली, “मला आलीच, तर मला आडवं ठेवा. सरळ, हात छातीवर. आमच्या घरी तसंच करतात. आईला पत्रात तसं लिहिता येईल.”

“बरं,” पाद्री म्हणाले.

“तुम्ही नसलात तर?”

“आत्ताच मार्थाला सांगून ठेवतो. चार्ल्सलाही सांगतो.”

आणि ते विहिरीकडे चार्ल्सला शोधायला निघाले.