बिननिखाऱ्याची धुरी

गुंजवण्यातल्या बचत गटाला जे यंत्र मिळालं, त्याचं कागदावरचं नाव इलेक्ट्रिक स्मोकर. गाव त्याला धुरीचं कपाट म्हणे. दिसायलाही ते कपाटच होतं. उंची माणसाच्या खांद्याएवढी, दाराला काच, आत जाळ्यांचे कप्पे. खालच्या डब्यात आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या टाकायच्या आणि खटका दाबायचा. जाळ कुठंच दिसायचा नाही, धूर मात्र निघायचा. धरणातली चिलापी मासळी सकाळी आत गेली की दुपारी सोनाराकडून आल्यासारखी बाहेर यायची.

कपाट असे मानसिंग म्हाताऱ्याच्या पडवीत आणि त्याची निगा त्याच्या सुनेकडं, नूतनकडं. ज्या संस्थेनं ते दिलं तिची अट एकच होती. वर्षाच्या शेवटी साहेब येऊन तपासणार, आणि यंत्र नीट ठेवलेलं नसेल तर ते उचलून पासली गावच्या गटाला देणार. नूतनला या अटीचा धाक बसला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात कुठली वस्तू कुठं ठेवायची हे तिला विचारून ठरलं असेल, तर ते या एका कपाटाचं. ते गेलं तर पडवीत पुन्हा खताची पोती येणार आणि ती पुन्हा कुणाची तरी सून तेवढी उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती कपाटाला पोटच्या पोरासारखी जपे. मासे निघाले की आधी प्लग काढायची. जाळ्या कोमट पाण्यात भिजवून नारळाच्या काथ्यानं घासायची. खालच्या ट्रेमधली चरबी दरवेळी काढायची, नाहीतर ती पेट घेते. दाराचं रबर ओल्या फडक्यानं टिपायची. आतली उष्णता मोजणारी काडी तर बाळाचे कान पुसावेत तशी पुसायची, कारण तिच्यावर काजळी चढली की यंत्राला आत किती तापलंय तेच कळत नाही. फक्त आतल्या भिंतींवर जो तपकिरी थर धरतो त्याला ती हात लावत नसे. सुटलेले पापुद्रे तेवढे काढायचे, थर राहू द्यायचा, त्यातच चव असते, असं शिकवायला आलेल्या बाईंनी बजावलं होतं.

इथवर सगळं सरळ होतं. पण घरोघरी गॅस आला होता. चूल गेली आणि चुलीबरोबर निखारे गेले. एरवी निखारे नसल्यानं कुणाचं अडत नव्हतं, पण गावात बाळंतीण झाली की अडे. बाळाला न्हाऊ घालायचं नूतनच्या सासूनं, फुलाबाईनंच, आणि न्हाऊ घातलं की धुरी द्यायचीच, हा तिचा कायदा. ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, लसणाची सालं. आता गॅसच्या शेगडीवर काय धुरी देणार? फुलाबाईनं पडवीकडं पाहिलं. बिनजाळाचा, बिननिखाऱ्याचा, आयता धूर उभा होता.

नूतनला ते कळलं मांजरांवरून. गावात जेवढी तान्ही पोरं तेवढ्या पाळण्यांखाली मांजरं बसायला लागली. एका घरी सात मांजरं रांगेनं, देवळात बसल्यासारखी. पोर कडेवर घेऊन आई विहिरीला निघाली की मागून मांजरांची वरात. लोक म्हणायला लागले, पोरात काहीतरी देवाचा अंश आहे. नूतननं एका पोराच्या अंगड्याचा वास घेतला. देवाचा अंश चिलापीचा होता.

ती तशीच घरी आली आणि सासूला विचारलं.

"आत्याबाई, माशाच्या जाळीवर तुमी पोरांची कापडं वाळत घालता?"

"वाळत न्हाई. धुपवते."

"त्यात लोकांचं खाणं असतं."

"मंग? पोरं काय लोकांची न्हाईत व्हय?" फुलाबाई म्हणाली. "आन् पोर न्हाई ठेवलं मी आत. तेवढी अक्कल हाय मला."

नूतननं कपाट दोनदा, तीनदा, चारदा धुतलं. जाळ्या लख्ख झाल्या, पण वास भिंतींवरच्या थरात जाऊन बसला होता, आणि थराला हात लावायचा नव्हता. आता खरी गंमत सुरू झाली. पोरांना माशाचा वास लागला तसा माशांना पोरांच्या धुरीचा गुण लागला. न्हाऊन धुरी घेतलेलं बाळ जसं मुठी आवळून ढाराढूर झोपतं, तसा मासा खाणारा झोपायला लागला. मानसिंगनं एक तुकडा खाल्ला आणि औताला गेला. बैल चालत राहिले, म्हातारा नांगराच्या रुमण्यावर मान टाकून झोपला. बैलांनी आपलं वावर नांगरलं, शेजाऱ्याचं नांगरलं, मग ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीतली दोन वावरं नांगरली आणि अंधार पडायच्या आत आपणहून घरी आले. पलीकडचे लोक हळदीकुंकू घेऊन बैलांचे आभार मानायला आले, तेव्हा म्हातारा जागा झाला.

तपासणी सोमवारी ठरली. साहेब भोरचे, वसंतराव. उंच, सुकलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांच्या पाठोपाठ पासलीच्या गटाच्या बाळाबाई टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत दोर आणि गादीसुद्धा होती, कपाटाला खरचटू नये म्हणून. येताना गाडी लावायला जागा बघावी तशी त्यांनी पडवी बघून घेतली आणि कपाट केवढं भरेल ते डोळ्यांनीच मोजलं.

वसंतरावांनी जाळ्या पाहिल्या, मान हलवली. ट्रे पाहिला, काडी पाहिली, रबर बोटानं दाबून पाहिलं. नूतनचा जीव भांड्यात पडत होता. मग त्यांनी डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"हा वास कसला?" त्यांनी आतूनच विचारलं.

बाळाबाईंनी टेम्पोवाल्याला दोर काढायला खुणावलं.

"खाण्याच्या यंत्रात परका वास चालत नाही," साहेब बाहेर येत म्हणाले. "मासा चाखून बघतो आणि शेरा लिहितो. पण कठीण दिसतंय."

मासा आज ठीक नाही असं नूतन म्हणेपर्यंत फुलाबाईनं ताटली पुढं केलीसुद्धा. पाहुणे आल्यावर एकट्याला कसं द्यायचं? बाळाबाईंना दिला, टेम्पोवाल्याला दिला, साहेबांच्या ड्रायव्हरला दिला. नूतनचा सोमवार होता, ती एकटी उपाशी.

साहेबांनी दुसरा घास तोंडात घातला आणि "शेरा—" म्हणून पेनाचं टोपण काढलं. टोपण हातातच राहिलं. मान खांबाला टेकली. बाळाबाई पायरीवर आडव्या झाल्या, दोर उशाला घेऊन. टेम्पोवाला गादीवर गेला. ड्रायव्हर उभ्यानंच झोपला, म्हणून मानसिंगनं त्याला भिंतीला लावून ठेवला. पडवीत चार जणांच्या घोरण्यानं पत्रे वाजायला लागले.

फुलाबाईनं साहेबांचा हात हलवून पाहिला. "शाई आन. अंगठा उठवून घेऊ."

"साहेब सही करतात, अंगठा न्हाई."

"मंग कपाट गोठ्यात लपवू. उठल्यावर म्हणू, चोरीला गेलं."

"न्हाई," नूतन म्हणाली. "मी ते खरवडते."

थर गेला की कपाटातली पोरांची धुरीही गेली, हे फुलाबाईला न सांगता कळलं.

नूतननं प्लग काढला आणि उलथनं घेतलं. भिंतींवरचा थर पापुद्र्यापापुद्र्यानं खाली आला. तापणाऱ्या नळीला पाणी लागू न देता तिनं सोड्याच्या पाण्यानं, मग लिंबानं, मग कोरड्या फडक्यानं आतला पत्रा पुसून काढला. दार उघडं ठेवून ऊन आणि वारा दिला. फुलाबाई थोडा वेळ लांबून बघत राहिली, मग पदर खोचून जाळ्या घासायला बसली. शेवटी नुसत्या ढलप्या घालून नूतननं कपाट रिकामंच तापवलं, नवा धूर भिंतींना लागू दिला आणि ताज्या चिलापीचं एक ताट आत सरकवलं. गुरं घरी परतली तेव्हा मासे तयार होते.

वसंतराव जागे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चाचपलं, आपलंच आहे ना हे बघितल्यासारखं. ड्रायव्हर भिंतीवरून सुटून कुजबुजला, की बढती मिळाल्यापासून साहेबांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, बायको त्यांना रात्री पहाऱ्याला बसवते. साहेबांनी न बोलता डोकं कपाटात घातलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"गेला," ते म्हणाले. ते आनंदानं म्हणाले असं कुणालाच वाटलं नाही.

"घासलं साहेब," नूतन म्हणाली.

"चाखल्याशिवाय शेरा लिहिता येत नाही."

नूतननं ताटली पुढं केली. आता सगळ्यांना कळून चुकलं होतं. साहेब झोपले तर वास आहे, कपाट पासलीला. जागे राहिले तर कपाट इथंच. बाळाबाई दोर सावरून उभ्या राहिल्या. वसंतरावांनी अख्खा मासा खाल्ला, काटे चोखले, बोटं पुसली. मग खांबाला टेकून डोळे मिटले. त्यांनी पाय पसरले, पाठ जरा खाली सरकवली, हात पोटावर घेतले. एखादं पोर झोपायचं सोंग करतं तसं ते बराच वेळ पडून राहिले. गोठ्यात कुठंतरी गाय हंबरली आणि त्यांची पापणी हलली.

"नाही येत," ते डोळे न उघडता म्हणाले.

"मंग मासा चांगला हाय, साहेब," फुलाबाई म्हणाली.

ते उठून बसले. पायाशी पडलेलं टोपण शोधलं, शेरा लिहिला, सही केली आणि कागद नूतनच्या हातात दिला. यंत्र गुंजवण्यातच राहिलं. बाळाबाईंनी गादी गुंडाळली आणि टेम्पो रिकामाच पासलीच्या रस्त्याला लागला. साहेब मात्र गाडीत बसता बसता थांबले आणि फुलाबाईला बाजूला घेऊन विचारलं, की आजी, तान्ह्या पोराला जे काय करता ते मोठ्या माणसाला चालतं का.

नूतन तोवर पडवीत जाऊन कपाटाचा प्लग काढत होती.