जुळी बशी

"कर्करोगाचा कान आमच्या हातात आलाय, आता फक्त पिळायचा बाकी!" प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी टीव्हीवर गर्जना केली. ज्या पेशींच्या जिवावर ही गर्जना होती, त्यांचा जीव शनिवारीच गेला होता. उबवणी यंत्रातला, पेशींना जगवणारा गॅस संपला होता.

हे चिमणीला ठाऊक होतं, कारण पेशी तिनेच वाढवल्या होत्या. चिमणी हे घरातलं नाव. इथे ती नुसती 'मॅडम'. गाठीच्या पेशींचा माज एका जनुकामुळे टिकतो, असा प्रमुखांचा कयास. म्हणून दर खेपेला पेशींच्या दोन बश्या: एकीत ते जनुक बंद, जुळीत सगळं जसंच्या तसं. पहिली मेली आणि जुळी जगली, तरच कयास खरा. सोमवारी दोन्हींत शुकशुकाट. चिमणीने नोंदवहीत लाल शाईने तसं लिहिलं. प्रमुख म्हणाले, "जुळी बिघडली, ती सोडून द्या." पहिली मात्र त्यांनी उराशी धरली.

चिमणी दातओठ खात पुढच्या कामाला लागली. पण टीव्हीवरच्या गर्जनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला.

"आज केमोला जात नाही. तुझे साहेब म्हणाले ना, जनुक बंद केलं की संपलं! मग मी कशाला ओकत बसू?"

"दादा, ते खोटं आहे."

"तू बश्या धुणारी. तुला साहेबांपेक्षा जास्त कळतं?"

चिमणीचं डोकं फिरलं. तिने दोन्ही बश्या उचलल्या आणि प्रमुखांच्या टेबलावर, पुष्पगुच्छाच्या डोक्यावर आदळल्या.

"यातली कॅन्सरचा कान पिळलेली कुठली, दाखवा!"

"मॅडम, विज्ञानात धीर—"

"धीर? माझा भाऊ तुमच्या भरवशावर घरी पाय पसरून बसलाय! अकराला त्याची केमो आहे. काल जग जिंकलंत ना? आता एका माणसापुढे हरा!" तिने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

प्रमुखांनी घसा खाकरला. "ते... काल मी जरा घाई केली. अजून काही सिद्ध झालेलं नाही. तुम्ही केमो चुकवू नका."

"जरा?" चिमणी कडाडली.

"बरीच," प्रमुख म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं, निघतो," दादा म्हणाला. "चिमणीला सांगा, येताना लोकरीचे मोजे आण. तिथे पाय फार गारठतात."