सासऱ्यांचं नाक

चित्रकार तसा शाईचा गडी. बस, रस्ता, झाडं, माणसांच्या सदऱ्यांवरच्या चुण्यासुद्धा तो टाक बुडवून बेधडक काढायचा. पण चेहरा आला की हात आखडायचा. मग तेवढी जागा कोरी सोडून तो कागद स्कॅन करायचा आणि नाक-डोळे टॅबलेटवर काढायचा. तिथे चुकलं तर दोन बोटं टेकवली की रेघ गायब. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि छापील पुस्तकात कुणाला त्याचा पत्ता लागला नव्हता.

मग वाचनालयानं त्याच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. स्वारीनं आनंदाच्या भरात गठ्ठा तसाच पाठवून दिला. सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकतो तर भिंतीवर बावीस चित्रं, आणि एकाही माणसाला तोंड नाही.

"वेगळंच आहे हो," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "काही तरी खोल अर्थ असेल ना?"

अर्थ कसला, कपाळ! बाकीची चित्रं एक वेळ खपली असती. पण मधल्या मोठ्या चित्रात बस चालवत होते ते त्याचे सासरे, निवृत्त ड्रायव्हर. पुस्तकात स्वतःला बघून ते इतके हरखले होते की डेपोतल्या नऊ जुन्या सोबत्यांना त्यांनी अकरा वाजता बोलावलं होतं. आणि कागदावर टोपीखाली नुसता पांढरा गोल.

सासरे दहालाच हजर. आयुष्यात कधी गाडी उशिरा लावली नव्हती. चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, मी कुठाय यात?"

त्यानं सगळं सांगून टाकलं, अगदी भीतीसकट. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"काढा."

"बाबा, शाई आहे. चुकलं तर पुसता येत नाही."

"वळणावर मलाही येत नव्हतं. मागे पन्नास माणसं असायची. काढा."

त्यानं पिशवीतून टाक-दौत बाहेर घेतली आणि चित्र फ्रेममधून काढलं. डोळे जमले. नाक मात्र जरा लांबलं, आणि त्यानं सवयीनं कागदावर दोन बोटं टेकवली. शाई कसली ऐकते? नाक पसरून आणखी रुंद झालं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरे उठून बघायला आले.

"पुस्तकात तुम्ही नाक लहान केलं होतंत," ते म्हणाले. "म्हटलं, जावयानं लाज राखली, आपण कशाला बोला. पण हे माझं आहे."

तेवढ्यात सोबती आले. पहिलाच दारातून म्हणाला, "ते बघा, नाकाड्या आपल्या आधीच जाऊन बसलाय बसमध्ये." सासरे पोट धरून हसले.

चित्रकाराला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यानं टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"बाबा, बसमधल्या कंडक्टरलाही तोंड नाहीये. तुमचे कंडक्टर आलेत का यांच्यात?"

एक ठेंगणे गृहस्थ पुढे आले आणि केस सारखे करत खुर्चीत बसले.