कावळा शिवेना

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात लालबागचा रस्ता मोकळा मिळाला, म्हणून रामदासने फटफटी भरधाव सोडली. मागे बसलेली त्याची बायको सुभद्रा पडली, ती गेलीच.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना.

"भावजी, फटफटी सोडतो म्हणा की!" मेहुणा कुजबुजला.

रामदासने हात जोडले. "सोडली गं. पुन्हा हात लावणार नाही."

कावळे उलट मागे सरकले.

ऊन चढलं. सुभद्राला फटफटीवरून फिरायची किती हौस होती, ते त्याला आठवलं. घाबरतच तो पुटपुटला, "बरं, चालवीन."

त्याच क्षणी कावळ्याने पिंडाला चोच मारली.

"सुटली बिचारी," मेहुणा म्हणाला.

रामदासला दरदरून घाम फुटला. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि मागे बसून सुभद्रा आता त्याला कुठे घेऊन जाणार होती?